ट्रॅक्टर लहान, खड्डा मोठा



सोयाबीन घरात येते, कापसाचा पहिला वेचा होतो आणि गावात मशीन घेण्याच्या गोष्टी सुरू होतात. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यात फिरताना हल्ली एक प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. "सायेब, लहान ट्रॅक्टर तं घेतला. आता गड्डे खोदाची मशीन घ्या म्हनते दुकानवाला. घेऊ का?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. 'घ्या' म्हटले तर उद्या मशीन गोठ्यात गंजत पडते. 'नका घेऊ' म्हटले तर मजुरांच्या दारी हेलपाटे घालून शेतकरी थकतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. पंधरा ते पंचवीस एचपीच्या ट्रॅक्टरवाल्याने होल डिगर कुंपणाच्या खांबांसाठी वापरावा, नऊ इंची घ्यावा, आणि तोही शक्यतो चौघांत मिळून. याच मशीनने संत्र्याचे खड्डेही निघतील या भरवशावर मात्र एक रुपयाही घालू नये. का, ते पुढे वाचा.

मागणी कशाने वाढली?

लहान ट्रॅक्टर आपल्याकडे आला तो संत्र्याच्या बागेमुळे. झाडांच्या खाली वाकलेल्या फांद्यांमधून मोठा ट्रॅक्टर जात नाही, लहान जातो. फवारणीला, रोटाव्हेटरला तो कामाचा आहे, यात वाद नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळेही अनेकांनी मन केले. एकदा ट्रॅक्टर दारात आला की त्याला काम पाहिजे, आणि कामासाठी अवजार पाहिजे.

दुसरे कारण रानडुकराचे आणि रोह्याचे. जंगलालगतच्या गावांत तर रात्रीची जागल चुकत नाही. तुरीचे, हरभऱ्याचे वावर एका रात्रीत भुईसपाट झालेले मी पाहिले आहे. त्यामुळे जो तो कुंपणाच्या मागे लागला आहे. आणि ऐन कापूस वेचणीत खड्डे खोदायला गडी मिळत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावे!

म्हणजे गरज खरी आहे. चूक होते ती निवडीत.

आधी खड्डा ठरवा, मग मशीन

होल डिगर म्हणजे सुताराचे मोठे गिरमिटच. ट्रॅक्टरच्या मागे तीन पॉइंट लिंकेजवर ते जोडतात. पीटीओ शाफ्टने गिअर बॉक्स फिरतो आणि गिअर बॉक्स पीटीओचा वेग कमी करून गिरमिट फिरवतो. सहा, नऊ, बारा, अठरा आणि चोवीस इंच व्यासाची गिरमिटे बाजारात मिळतात. दुकानात आपण विचारतो, "माझ्या ट्रॅक्टरला कोणते बसते?" खरे तर विचारायला पाहिजे, "माझ्या कामाला खड्डा केवढा लागतो?"

आता हिशेब पाहा. कुंपणाचा सिमेंटचा खांब साधारण चार बाय चार इंचाचा असतो. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजला तर तो पावणेसहा इंच भरतो. सहा इंची खड्ड्यात तो कसाबसा उतरतो, पण बाजूने मुरूम ठोकायला सब्बल जात नाही. खांब उभा दिसतो आणि पहिल्या पावसात कलतो. नऊ इंची खड्ड्यात चारही बाजूंनी ठोकायला जागा राहते. दोन ते अडीच फूट खोल गेले की साध्या तारेच्या कुंपणाचे काम भागते. कोपऱ्याचे खांब मात्र जास्त खोल घ्या आणि त्यांना तिरपे टेकू द्या, कारण सगळा ताण त्यांच्यावर येतो.

संत्र्याचे गणित वेगळे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असा खड्डा धरला तर आठ घनफूट माती निघते. बारा इंची गिरमिटाने तीन फूट खोल गेलो तरी निघते सव्वादोन-अडीच घनफूट. नऊ इंचीने तर जेमतेम सव्वा घनफूट. दोन फूट रुंदीचा खड्डा पाहिजे तर चोवीस इंची गिरमिट लागते, आणि ते फिरवणे लहान ट्रॅक्टरच्या आवाक्यात नाही. व्यास दुप्पट झाला की कापायची माती चौपट होते, हे ध्यानात ठेवा. नऊ इंची सहज फिरवणारा ट्रॅक्टर अठरा इंचीला दम टाकतो तो यामुळेच.

त्यातही कागदावरचे एचपी म्हणजे पीटीओला मिळणारे एचपी नव्हे. वीस एचपीच्या इंजिनातून पीटीओला सोळा-सतरा एचपी मिळाले तरी पुष्कळ झाले. विक्रेत्याला पीटीओचे एचपी विचारा, आणि अवजाराच्या पत्रकावर किमान किती एचपी लिहिले आहे तेही वाचा.

ट्रॅक्टर उलाळ होऊ नये

बैलगाडीत मागे जास्त ओझे भरले की ती उलाळ होते. डिगरचेही तसेच आहे. गिअर बॉक्स आणि गिरमिट ट्रॅक्टरपासून बरेच मागे लोंबते. पत्रकावर हायड्रोलिकची उचल अमुक किलो लिहिली असते, ती लिंकेजच्या टोकाशी मोजलेली असते. त्याच्या मागे तीन-चार फुटांवर वजन आले की उचल कमी पडते आणि पुढची चाके हलकी होतात. स्टेअरिंग फिरते, ट्रॅक्टर वळत नाही. पुढे वजन लावायची सोय आहे का ते पाहा.

दुसरी गोष्ट उंचीची. लहान ट्रॅक्टरचे लिंकेज फार वर उचलले जात नाही. गिरमिट लांब असेल तर पूर्ण उचलूनही त्याचे टोक जमिनीपासून वीतभरच राहते, आणि धुरा ओलांडताना ते मातीत रुतते. म्हणून पैसे देण्यापूर्वी आपल्याच ट्रॅक्टरला डिगर जोडून पूर्ण उचलून पाहा. टोकाखाली एक-दीड फूट जागा दिसली पाहिजे.

लिंकेजच्या पिनाही तपासा. लहान ट्रॅक्टरला बहुधा पहिल्या वर्गाच्या पिना असतात. खालच्या २२ मिलिमीटर, वरची १९ मिलिमीटर. मोठ्या ट्रॅक्टरचा डिगर स्वस्तात मिळाला म्हणून आणला तर त्याच्या पिना जाड निघतात, आणि मग वेल्डिंगवाल्याकडे जुगाड सुरू होतो. पीटीओ शाफ्टचेही तसेच. तो लांब असेल तर डिगर वरखाली करताना एका टोकाला भिडतो आणि गिअर बॉक्स किंवा ट्रॅक्टरचा पीटीओ फोडतो. आखूड असेल तर निसटतो. शाफ्ट मोजून कापून देण्याचे काम विक्रेत्याकडूनच करून घ्या.

आमच्या काळ्या मातीचा स्वभाव

प्रदर्शनात मशीन चालवून दाखवतात ते भुसभुशीत मातीत. आपली भारी काळी माती वेगळी. मे महिन्यात ती दगडासारखी होते, लहान ट्रॅक्टरचे गिरमिट तिच्यात शिरत नाही, नुसते वर फिरते. पावसाळ्यात ती चिकट होते, गिरमिटाला लपेटते आणि सुटत नाही. खांबांचे खड्डे घ्यायचे तर वाफशावर घ्या. खरीप निघाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात जमिनीत ओल असते, माती मोकळी सुटते. मुरमाड जमिनीत कठीण टोकाचे, बदलता येणारे दात घ्या. आणि खाली काळा पाषाण लागला तर हट्ट करू नका, जागा सरकवा.

काळ्या मातीत आणखी एक खोड आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. त्यामुळे निघालेलीच माती खड्ड्यात परत ढकलली तर खांब दोन वर्षांत डुलायला लागतो. मुरूम किंवा गिट्टी थराथराने घालून सब्बलीने ठोका.

माझी एक चूक

आता जे सांगतो ते सांगायला मला जड जाते, पण तुमच्या कामाचे आहे.

काही वर्षांपूर्वी काटोल तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने तीन एकरांत संत्रा लावला. योजनेतली बाग नव्हती, स्वखर्चाची होती. जुलैत पाऊस होऊन गेला होता. त्याने लहान ट्रॅक्टरला बारा इंची डिगर लावून दोन दिवसांत सव्वातीनशे खड्डे पाडले. मला मोठ्या हौसेने पाहायला बोलावले. मी धुऱ्यावर उभा राहिलो, दोरीत ओळंबलेले गोल गोल खड्डे पाहिले आणि म्हणालो, "वा भाऊ, झकास!" खड्ड्यात हात घालून मी पाहिले नाही.

पाहिले असते तर कळले असते. ओल्या काळ्या मातीत गिरमिट फिरले की खड्ड्याची भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते. कुंभाराने मडक्यावर हात फिरवावा तशी. त्या भिंतीतून पाणी जिरत नाही आणि कोवळे मूळ बाहेर शिरत नाही. वरून शेणखत आणि मोकळी माती भरलेली. म्हणजे आम्ही वावरात सव्वातीनशे कुंड्याच गाडून ठेवल्या.

पहिल्या वर्षी झाडे चांगली दिसली. दुसऱ्या पावसाळ्यात ओळीच्या ओळी पिवळ्या पडल्या. मी एक झाड उपटायला लावले. मुळे कुंडीत वाढल्यासारखी गोल गोल फिरलेली, टोके तपकिरी, सडका वास, आणि खड्ड्याच्या तळाला पाणी. संत्र्याला साचलेले पाणी चालत नाही. फायटोप्थोरा बुरशी अशाच जागी मुळे कुजवते आणि पुढे खोडाला डिंक्या येतो. त्या शेतकऱ्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. "तुमी तं पायलं होतं ना सायेब," एवढेच म्हणाला. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या दीड-दोन फुटांत आडवी पसरतात. त्याला खोल विहीर नको, रुंद आणि मोकळी जागा पाहिजे. म्हणून संत्र्याचे खड्डे उन्हाळ्यात मजुरांकडून घ्या किंवा गावातले जेसीबी तासावर लावा, आणि ते उन्हात तापू द्या. भारी जमिनीत गादीवाफे काढून सहा बाय तीन मीटरवर लागवड करण्याची पद्धतही आता आपल्याकडे रुजली आहे. त्यात पाणी निघून जाते आणि खोल खड्ड्याची गरजही कमी होते. मोठ्या ट्रॅक्टरच्या चोवीस इंची डिगरने खड्डे घेतलेच, तर लावण्याआधी प्रत्येक खड्ड्याची भिंत टिकासाने किंवा सब्बलीने चारही बाजूंनी खरवडून, फोडून घ्या. कंटाळवाणे काम आहे, पण बाग त्यावरच उभी राहते. शंका असेल तर नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे जाऊन विचारा. जमीन दाखवून सल्ला घ्या, मगच कलमे आणा.

जीव सांभाळा

डिगर दिसायला गरीब मशीन आहे, पण माणसाला गुंडाळून घेते. फिरत्या शाफ्टजवळ धोतर, दुपट्टा, लुगड्याचा पदर जाता कामा नये. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण 'आड येते' म्हणून काढून फेकू नका. गिरमिट शिरत नाही म्हणून पोराला वर लोंबकळायला सांगतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. असे कधीही करू नका. वजनाने शिरत नसेल तर दात बोथट आहेत किंवा जमीन कोरडी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

इंजिनाचा वेग कमी ठेवा. एका दमात तीन फूट जाऊ नका. अर्धा फूट खोदा, उचला, माती झटकू द्या, पुन्हा खाली. एका दमात गेलो तर गिरमिट बुचासारखे फसते आणि हायड्रोलिकने उपसत नाही. अशा वेळी ट्रॅक्टर बंद करा, पीटीओ सोडा आणि मोठ्या पान्याने गिरमिट हाताने उलटे फिरवून काढा. शिअर बोल्ट तुटला तर तुटू द्या. तो तुटण्यासाठीच दिला आहे. त्याच्या जागी कडक पोलादी बोल्ट ठोकला की पुढच्या वेळी गिअर बॉक्स तुटतो. तो बोल्ट चार-आठ नग जवळ ठेवा. आणि खोदण्यापूर्वी विहिरीची पाइपलाइन, ठिबकची नळी, मोटारीची केबल कुठून गेली ते घरातल्या जाणत्याला विचारा.

घ्यावे की भाड्याने आणावे?

पाच एकरांच्या चौकोनी वावराला दहा-दहा फुटांवर खांब धरले तर १८५ ते १९० खड्डे लागतात. चांगल्या वाफशावर हे दोन दिवसांचे काम. दोन दिवसांनंतर त्या मशीनचे काय? वर्षभर ती गोठ्यात. म्हणून एकट्याने घेण्याआधी गावात किती जणांना कुंपण करायचे आहे ते मोजा. भाड्याने प्रति खड्डा काय पडते आणि विकत घेऊन तितक्या खड्ड्यांवर किंमत वाटली तर काय पडते, हे कागदावर मांडा. बहुतेकांचे उत्तर भाडे हेच येईल, किंवा गट करून एक मशीन.

कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ पासून सुरू आहे आणि होल डिगर त्याच्या यादीत आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा, फार्मर आयडी लागतो. तपासणी झालेलेच मॉडेल घ्या. मध्य प्रदेशातील बुदनीच्या केंद्रीय संस्थेसारख्या मान्यताप्राप्त ठिकाणचा तपासणी अहवाल विक्रेत्याकडे मागा. पूर्वसंमतीचे पत्र हातात येण्याआधी खरेदी केली तर अनुदान गेले म्हणून समजा. माझे मात्र एक सांगणे आहे. अनुदान मिळते म्हणून मशीन घेऊ नका. अर्धी रक्कम सरकारची असली तरी उरलेली अर्धी तुमच्या घामाची आहे.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना दोन शब्द. गावातल्या शेतकरी गटाला अवजार बँकेसाठी पुढे करा. डिगर त्यात चांगला बसतो, कारण तो प्रत्येकाला लागतो पण थोडाच लागतो. कोणाकडे कधी गेला, कोणत्या दिवशी परत आला, काय तुटले, याची वही ठेवा, नाहीतर सामायिक मशीन म्हणजे बेवारस मशीन. रोजगार हमीच्या खड्ड्यांवर मात्र हा डिगर नेऊ नका. हाताला काम हे त्या योजनेचे मूळ. महाराष्ट्राने ते १९७७ च्या कायद्यात मानले, आणि केंद्राच्या २००५ च्या कायद्यानेही मजुरांचे काम काढून घेणारी यंत्रे शक्यतो टाळायला सांगितले होते. यंत्राने खड्डे पाडून मस्टरवर नावे चढवली तर चौकशीत गाव अडकते आणि खरा मजूर उपाशी राहतो.

शेवटी एवढेच. मी यंत्राच्या विरोधात नाही. कंबर मोडेपर्यंत सब्बल मारणाऱ्या बापाला मीही पाहिले आहे. पण दुकानात जाण्याआधी आपल्या वावरात जा. खांब मोजा, माती हातात घ्या, ट्रॅक्टरचे पीटीओ एचपी विचारा. आणि खड्डा झाला की, तो कोणत्याही मशीनचा असो, एकदा खाली वाकून त्याच्या भिंतीला हात लावून पाहा. गुळगुळीत लागली तर कलम बाजूला ठेवा आणि टिकास हातात घ्या. मी त्या दिवशी धुऱ्यावरूनच परत आलो होतो, तुम्ही तसे करू नका.